अप, डाऊन आणि अक्काचा आवाज

आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही यांच्यातून निवृत्त झालं नाही. सिग्नलच्या माणसाने कुठल्याही एका वस्तूवर विश्वास ठेवायचा नसतो, हे यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यामुळे आमच्या जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या घरात टॉर्च दोन, कुकरच्या शिट्ट्या दोन, गच्चीच्या कुलपाच्या किल्ल्या चार. पाण्याच्या मोटारीही दोन आहेत. त्यातली एक गेली सहा वर्षं पोत्यात गुंडाळून ठेवलेली आहे आणि दर महिन्याला तिला बाहेर काढून पाच मिनिटं चालवतात. बायकोच्या बाबतीत हा नियम लावला नाही, याबद्दल मी रेल्वे खात्याची आभारी आहे.

मी गणिताची मास्तरीण. तीस वर्षं जयपूरच्या पोरांना हिंदीतून भागाकार शिकवला. चुकीचं उत्तर दोनदा लिहिलं म्हणून ते बरोबर होत नाही, असं मी वर्गात सांगायचे आणि घरी यांनाही सांगायचे. हे नुसते हसायचे आणि तिसरा टॉर्च आणायचे.

तर झालं असं, की मे महिन्यात आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. जयपूरचा मे म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच कळतं. दुपारी नळाच्या पाण्याने हात भाजतो, आणि आंधी आली की बंद कपाटातल्या साड्यांवरसुद्धा धूळ बसते. कॉम्प्युटर बिचारा हॉलच्या कोपऱ्यात, कूलरची हवा पोचणार नाही अशा जागी. एके सकाळी त्याने दोनदा खट् खट् केलं आणि मान टाकली. आत लेकीच्या लग्नाचे फोटो होते, ते लेकीकडेही होते, आणि यांच्या नोकरीतले कसलेसे नकाशे होते, ते यांच्या डोक्यातही होते. मला फारसं वाईट वाटलं नाही. हे मात्र दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. सगळ्या घरात दोन-दोन वस्तू, आणि नेमकी हीच एक एकटी राहिली, हे यांना लागलं होतं.

त्याच आठवड्यात कऱ्हाडहून भाच्याचा फोन आला. अक्काच्या गळ्याची गाठ काढायची ठरली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. थायरॉइडची गाठ, घाबरण्यासारखं काही नाही, महिन्याभराने ऑपरेशन. पण डॉक्टरांनी एक सांगून ठेवलं होतं की आवाजाची शीर त्या गाठीला चिकटूनच जाते. बहुतेकांना काही होत नाही, पण एखाद्याचा आवाज बसतो, आणि काही वेळा तो परत पहिल्यासारखा होत नाही. अक्कालाही हे माहीत होतं. "आवाज गेला तर सून पेढे वाटंल," असं ती म्हणाली म्हणे.

मी हसले नाही. अक्काचा आवाज हे माझं माहेर होतं. आई-वडील गेले, घर विकलं, मी लग्न होऊन पहिल्यांदा अजमेरला आले आणि मग इथलीच झाले. लेक माझ्याशी मराठीत बोलते, पण तिच्या वाक्यात दर चार शब्दांनी 'मतलब' येतो. यांचं मराठी नागपूरकडचं. आमच्या कऱ्हाडचं बोलणं माझ्या कानावर पडायचं ते फक्त अक्काच्या फोनमधून. तिला फोनवर बोलून निरोप पाठवायचं कळल्यापासून तीन वर्षं ती मला दर आठवड्याला एक तरी पाठवत होती. नमस्कार-चमत्कार नाही, कशी आहेस नाही. "आणि दुसरं सांगायचं म्हंजे" अशीच सुरुवात, जणू पहिलं मला आधीच सांगून झालं होतं. शेजारणीची कोंबडी हिच्या अंगणात अंडं घालते तर अंडं कुणाचं, यावर एक सव्वातीन मिनिटांचा निरोप होता. एकदा तर ती बोलून झाल्यावर बटण सोडायला विसरली, की बटण अडकलं, कोण जाणे. चार मिनिटं नुसता तिच्या चपलांचा आवाज, फाटकाची कडी, आणि मग भाजीवाल्याला, "ही मेथी न्हाई, मेथीची आजी हाय." तो निरोप मी किती वेळा ऐकला असेन, मोजला नाही.

माझा फोन भरला होता. रोज सकाळी कुणीतरी फुलं पाठवतं, कुणी गणपती पाठवतं, आणि फोन म्हणतो, जागा नाही. अक्काच्या नव्या फोनमध्ये जुनं काही आलं नव्हतं. दिवाळीत भाच्याने फोन बदलून दिला तेव्हा सगळं तिथेच राहिलं, आणि नंतरचं ती पाठवलं की लगेच पुसायची. म्हणजे जे काही होतं ते माझ्याकडेच होतं. मी यांना एवढंच म्हटलं की अक्काचे निरोप कुठेतरी नीट ठेवायचे आहेत, ऑपरेशनच्या आधी. यांचे डोळे चमकले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता हे साधं काम राहिलेलं नाही.

लेकीने 'रेड' नावाच्या एका पद्धतीचा विषय काढला. ती सीतापुऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि रविवारी जेवायला येते. ती म्हणाली की दोन डिस्क लावायच्या, कॉम्प्युटर एकच गोष्ट दोन्हींवर एकाच वेळी लिहीत जातो, एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवते. यांनी हातातला घास खाली ठेवला. कुणीतरी, कुठेतरी, सिग्नल खात्याबाहेरसुद्धा, आपल्यासारखा विचार करतं, याचा आनंद यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

सीकर रोडवरच्या दुकानातून यांनी दोन डिस्क आणल्या. मीही बरोबर होते. दुकानदार जवळच्या चौमू गावचा, गोड माणूस. "बाऊजी, घर की फोटो ही तो रखनी है, एक बहुत है," असं तो म्हणाला. त्यावर यांनी त्याला एक न झालेला अपघात सांगितला. सिग्नलची एक तार तुटली होती, दुसरी होती, म्हणून गाडी थांबली. ही गोष्ट सांगायला यांना पाऊण तास लागतो, आणि न झालेल्या अपघातात सांगण्यासारखं एवढं काय असतं हे मला चाळीस वर्षांत समजलेलं नाही. दुकानदाराने चहा मागवला.

पुढचे चार दिवस आमचा हॉल म्हणजे रेल्वेचा यार्ड होता. डायनिंग टेबलवर जुनी चादर पसरली, कॉम्प्युटरचं पोट उघडलं, दाढीच्या ब्रशने आतली धूळ झाडली. आतल्या भागांना हात लावण्याआधी हे दर वेळी बाथरूमच्या नळाला हात लावून यायचे, अंगातली वीज उतरावी म्हणून. शेजारीण साखर मागायला आली, तिने हे सोवळं पाहिलं आणि आज काय पूजा आहे का विचारलं. मी हो म्हटलं.

दोन्ही डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून एकीवर 'अप' आणि दुसरीवर 'डाऊन' लिहिलं. अप म्हणजे मुख्य. मग कॉम्प्युटरने दोघींची जोडी लावायला सुरुवात केली, त्याला सहा तास लागले. हे खुर्ची टाकून समोर बसले. दर थोड्या वेळाने हॉलमधून यांचा आवाज यायचा, बावीस टक्के, तीस टक्के. गाडी किती वेळ लेट आहे हे फलाटावर ऐकत बसावं तसं मी ऐकत होते आणि भेंडी चिरत होते. संध्याकाळी शंभर झाले. हे उठून म्हणाले, "आता यातली एक गेली तरी हे मशीन बोलतं राहील."

हे वाक्य मी नीट ऐकलं. नंतरचं काही नीट ऐकलं नाही, आणि गोष्ट तिथेच बिघडली.

कारण खात्याची पद्धत अशी, की नवं काही बसवलं की ते मुद्दाम बंद पाडून बघितल्याशिवाय ताब्यात द्यायचं नाही. एक तार काढायची आणि दुसरी काम करते का बघायचं, तेही एक-दोन मिनिटं नाही, चांगले चार दिवस. आणि कुठलीही तार काढण्याआधी स्टेशन मास्तरला चिठ्ठी द्यायची. तिला म्हणतात डिस्कनेक्शन मेमो. मास्तरने वाचून सही केली की मगच हात लावायचा. काम झालं की रिकनेक्शनचा मेमो, त्याच्यावर परत सही. या चिठ्ठ्यांवर आमचा संसार झालेला आहे. इस्त्री बिघडली तरी हे मला मेमो द्यायचे.

तसा हा मेमो घेऊन हे स्वयंपाकघरात आले. सुवाच्य अक्षर, खाली स्टेशन मास्तरच्या सहीची जागा. माझे हात कणकेचे होते. मी म्हटलं, आणा तो कागद, आणि न वाचता सही ठोकली. सहीखाली 'स्टेशन मास्तर, मुरलीपुरा' असं लिहिलं आणि एक छोटं इंजिन काढलं, धूर सोडणारं. कणकेचा एक ठसाही उमटला. हे हसले. मग यांनी अप डिस्क काढली, आपल्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. कॉम्प्युटर एकट्या डाऊनवर चालत राहिला. हे बघून यांना जो आनंद झाला तो लेकीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

आणि त्या चार दिवसांत मी माझं काम केलं. दुपारी हे झोपले की मी फोनला वायर लावायची आणि अक्काचे निरोप कॉम्प्युटरवर घ्यायची. लेकीने एकदा दाखवलं होतं, ते वहीत लिहून ठेवलं होतं. मला हे स्वतः करायचं होतं. प्रत्येक निरोप ऐकून त्याला नाव दिलं. कोंबडी. मेथीची आजी. सुनेचं माहेर. गणपतीचं मखर. नुसतं चालणं. तीन दुपारी त्यात गेल्या, आणि माझ्या इतक्या छान दुपारी अलीकडे झालेल्या नाहीत. चौथ्या दिवशी सगळं झालं आणि मी फोन रिकामा केला. मशीन एक डिस्क गेली तरी बोलतं राहणार होतंच. फोन एकदम हलका झाला, आणि मीही.

पाचव्या दिवशी सकाळी मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. हे दारात येऊन उभे राहिले आणि खात्याच्या आवाजात विचारलं, या चार दिवसांत मशीनवर काही हालचाल झाली का. मला वाटलं, नेहमीचं नाटक. अडकित्ता हातात, डोळ्यांत घाम, आणि यांना रेल्वे-रेल्वे खेळायचं होतं.

"लाइन क्लिअर," मी म्हटलं. "सोडा गाडी."

"नक्की?"

"नक्की. आता जा, मोहरी फेसायची आहे मला."

हे गेले. अप डिस्क मफलरमधून काढून जागेवर बसवली. कॉम्प्युटरने विचारलं की या दोन्हींत फरक पडलेला दिसतो, कुणावरून कुणावर उतरवून घेऊ. फरक कसला, मास्तरनेच लाइन क्लिअर सांगितली होती. यांनी अप निवडली, कारण अप मुख्य. मग त्या मशीनने सहा तास इमानेइतबारे चार दिवसांपूर्वीची अप, माझ्या तीन दुपारींवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढली. हे समोर खुर्ची टाकून बसले होते आणि मला टक्के सांगत होते. मी आतून बरं बरं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंबडी ऐकावी म्हणून मी बसले. अक्काच्या नावाचा फोल्डर नव्हताच. मी चष्मा पुसला, परत पाहिलं. यांना उठवलं.

त्यानंतरचा तास मला सांगायला लाज वाटते. मी यांना जे बोलले ते शाळेत कुठल्या नापास पोरालाही बोलले नव्हते. दोन डिस्क, दोन मोटारी, चार किल्ल्या, सगळं काढलं. एक काम सांगितलं होतं, म्हटलं, आयुष्यात एक. यांच्या त्या न झालेल्या अपघाताचंसुद्धा नाव काढलं, म्हटलं, घ्या, आता झाला.  यांनी एकदाच विचारलं, निरोप कधी ठेवले होतेस. मी दिवस सांगितले. हे खुर्चीत बसले आणि पुष्कळ वेळ नुसते त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

रविवारी लेक आली. तिने फोन उघडून पाहिला. फोन आपली एक प्रत इंटरनेटवर ठेवतो म्हणे, पण मी तो रिकामा केल्यावर त्याने रिकाम्याचीच नवी प्रत घेतली होती. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये मावशीचे जोडलेले हात आणि गणपती तेवढे होते. "मतलब, आई, सगळंच गेलं?" तिने विचारलं. मग वडिलांना विचारलं की असं कसं झालं. हे म्हणाले, "माझी चूक. दिशा चुकीची निवडली." एवढंच. लेक यांना समजावत राहिली की पापा, होतं असं, आणि मी तोंड फिरवून पोळ्या लाटत राहिले. सोमवारी हे दोन्ही डिस्क घेऊन सीकर रोडला गेले. दुकानदाराने आणखी एका जाणकाराला दाखवल्या. वरून नवीन लिहिलं गेलं की खालचं निघत नाही, असं त्याने सांगितलं. या वेळी यांनी कुणाला गोष्ट सांगितली नाही. दुकानदाराने तरीही चहा मागवला होता, पण हे न पिताच परत आले.

त्या आठवड्यात मी यांच्याशी कामापुरतं बोलत होते. गुरुवारी गॅसचं पुस्तक शोधताना यांची ती फाइल हाताला लागली. घरातले सगळे मेमो हे तारीखवार लावून ठेवतात. सगळ्यात वर तो होता, इंजिनाचा. मी तो पहिल्यांदा वाचला. तीन ओळी होत्या. मशीन चार दिवस एका डिस्कवर राहील. रिकनेक्शन होईपर्यंत मशीनवर नवीन काही ठेवू नये. काही ठेवलं गेल्यास जोडण्यापूर्वी कळवावं. खाली माझी सही, माझा हुद्दा, माझं इंजिन आणि माझ्या बोटाचा कणकेचा ठसा.

मी तिथेच पलंगावर बसले. गणित अगदी सोपं होतं. एकदा लेखी सांगितलं होतं, एकदा तोंडी विचारलं होतं, आणि "नक्की?" हे तिसरं. तिन्ही वेळा मी थट्टेत उत्तर दिलं होतं. चाळीस वर्षं मी या माणसाच्या चिठ्ठ्यांची टिंगल केली, आणि ती टिंगल इतकी अंगवळणी पडली की कागदावर काय लिहिलंय ते बघायचीही मला गरज वाटेनाशी झाली. आणि हा कागद इतके दिवस यांच्या फाइलमध्ये होता. मी बोलत होते तेव्हा होता, लेक विचारत होती तेव्हाही होता. यांनी तो एकदाही काढला नाही.

मी कागद घेऊन बाहेर गेले. हे मोटार तपासत होते, ती पोत्यातली. मी कागद समोर धरला आणि म्हटलं, हा का नाही दाखवलात मला.

यांनी हात पुसले, कागद घेतला, घडी केली. "मेमो वाचून दाखवायचा असतो," हे म्हणाले. "नियम आहे तसा. मी नुसती सही घेतली."

मला रडू आलं. मी रडले, तिथे मोटारीपाशी, आणि यांना काय करावं ते न सुचल्यामुळे हे मोटार बंद करायला विसरले. पाणी गच्चीवरून वाहून खाली शेजारच्यांच्या तुळशीत गेलं.

ऑपरेशनला अजून बारा दिवस होते. म्हटलं, अजून वेळ आहे, अक्काला बोलतं करू. पण ऑपरेशनला निघालेल्या माणसाला तुझा आवाज साठवून ठेवायचाय असं कसं सांगायचं? ते माझ्या तोंडून निघेना. मग मी आडून सुरुवात केली. शेंगदाण्याच्या आमटीची कृती विचारली. "तुला आमटी येत न्हाई?" असं तिने लिहून पाठवलं. लिहून. कारण डॉक्टरांनी तिला गळ्याला ताण देऊ नका सांगितलं होतं, आणि आयुष्यात कुणाचं न ऐकणाऱ्या अक्काने नेमकं हेच ऐकलं होतं. मी शेजारणीच्या कोंबडीची चौकशी केली. कोंबडीचं चित्र आलं. भाच्याच्या मुलाचा अभ्यास विचारला, तर अंगठा आला. सुनेबद्दल विचारलं, म्हटलं आता तरी राहवणार नाही. तर जोडलेले हात आले, दोनदा. हे बाजूला बसून माझी धडपड बघत होते. हे म्हणाले की कोंबडीवर न बोलणारी अक्का सुनेवरही बोलणार नाही, तेव्हा गाडी आता रोखलेलीच बरी. आम्ही दोघं त्या आठवड्यात पहिल्यांदा हसलो, आणि हसताना मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ साधी निघाली. भाच्याने फोन करून सांगितलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि यांनी लेकीला कळवलं. अक्काला पंधरा दिवस बोलायची मनाई होती.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आम्ही दोघं गच्चीवर होतो, उन्हं उतरल्यावर फरशीवर पाणी मारून बसलो होतो. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला, यांनाही ऐकू यावं म्हणून.

"आणि दुसरं सांगायचं म्हंजे," फोन म्हणाला.

तो अक्काचा आवाज नव्हता. शब्द तिचे होते, लय तिची होती, पण आवाज खाली उतरला होता, खरखरीत झाला होता, आणि वाक्य संपता संपता दमून नुसती हवा येत होती. ती दवाखान्यातल्या चहाबद्दल बोलत होती, नर्सच्या साडीबद्दल बोलत होती. मी हं हं म्हणत होते. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फरशीकडे वळवली. चाळीस वर्षं या माणसाने तपासून बघितल्याशिवाय कशालाच ठीक आहे म्हटलेलं नाही.

बोलता बोलता अक्का थांबली. मग जरा हळू म्हणाली, "खरं सांग बरं का. घरातली सगळी माझ्या तोंडावर गोड बोलत्यात. माझा आवाज बदललाय का गं?"

मी यांच्याकडे पाहिलं.

"काही फरक नाही, अक्का," हे म्हणाले. "अगदी तोच आहे."

"पाव्हणं म्हणत्यात न्हवं? मग ठीक हाय." पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. "तुझ्याकडं माझं जुनं काहीबाही असंल की फोनात. त्यातलं एखादं लाव बघू. मलाबी ऐकू दे पहिला कसा व्हता."

यांनी डोळे मिटले.

"कुठलं गं," मी म्हटलं. "फोन भरला की पुसते मी सगळं."

"तुझं आपलं तसंच," अक्का म्हणाली. आणि मग तिच्या नव्या, खरखरीत आवाजात, "जाऊ दे. तुम्ही म्हणताय तर तोच असंल."